कोनाला हलायला जागाच नाही, तर वॅट कुठे जिरवणार?

खर्जप्रेमी

मित्राकडे १२ इंची सबवूफर आहे, म्हणजे फक्त खर्ज (खालचे, जाड सूर) वाजवणारा स्पीकर. सीलबंद खोका, ४ ओहम, ३०० वॅटचा अ‍ॅम्प. खर्ज 'पोटात जाणवत नाही' म्हणून त्याने ६०० वॅटचा अ‍ॅम्प आणला. पहिल्याच रात्री सिनेमातल्या स्फोटाला खोक्यातून 'टक्' असा कोरडा आवाज आला, फळीवर पेन्सिल आपटावी तसा. अ‍ॅम्प सदोष निघाला म्हणून तो परत करायला निघाला होता. अ‍ॅम्प ठणठणीत होता. कॉइलचा (कोनाला, म्हणजे स्पीकरच्या पडद्याला, हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) मागचा काठ मॅग्नेटच्या मागच्या प्लेटवर आपटत होता.

तर माझं म्हणणं असं, की आपण सबवूफर उलट्या बाजूने विकत घेतो. आधी वॅट बघतो. एक्समॅक्स, म्हणजे कोन मधल्या जागेपासून एका बाजूला किती मिलिमीटर सरळपणे (आवाज न बिघडवता) हलू शकतो तो आकडा, तक्त्याच्या तळाशी असतो आणि तिथवर कोणी जात नाही. खर्ज म्हणजे हवा ढकलणं. आवाज तेवढाच ठेवून वारंवारता निम्म्यावर आणली की कोनाला चौपट हलावं लागतं. ४० हर्ट्झला ३ मिमी पुरत असतील, तर २० हर्ट्झला १२ लागणार.

१२ इंची कोनाचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंमी. तो १२ मिमी पुढे गेला की ०.६ लिटर हवा ढकलतो. खोका जमिनीवर आहे आणि खोलीच्या भिंतींची मदत नाही असं धरलं, तर १ मीटरवर २० हर्ट्झला साधारण ९६ डेसिबल मिळतात. बस्स. मागे ३०० वॅट लावा नाहीतर ३०००, सरळ वागणाऱ्या कोनाची मर्यादा तीच. तेवढ्याच हालचालीत ४० हर्ट्झला १०८ मिळतात. वॅट दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि त्यासाठी कोन १.४ पट हलावा लागतो. जागा असेल तर.

आधी मिलिमीटर बघा, वॅट नंतर. पटत नसेल तर बोला.

तांब्याची तार

नाही पटत. मी स्पीकर दुरुस्त करतो, त्यामुळे माझ्यासमोर मेलेलेच येतात. त्यात आपटून मेलेले थोडे, जळून मेलेले जास्त. कोन काढला की आधी वासच येतो, वार्निश करपल्याचा. मग कॉइलचे काळे पडलेले, सैल झालेले वेढे दिसतात. फॉर्मरची, म्हणजे कॉइल जिच्यावर गुंडाळतात त्या नळीची, खालची कड चेपलेली क्वचितच असते.

कारण साधं आहे. सबवूफरला दिलेल्या विजेतला १ टक्का आवाज झाला तरी पुष्कळ, बाकीची उष्णता. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवर ३.५ ओहम असलेली कॉइल २०० अंशांवर ६ ओहमच्या आसपास जाते. मग तोच अ‍ॅम्प, तेच व्होल्ट, पण करंट कमी आणि आवाजही कमी. ऐकणाऱ्याला वाटतं जोर कमी पडतोय, तो आणखी पिळतो. हे मिलिमीटरच्या आकड्यात कुठे दिसतं?

'टक्' हा निदान इशारा तरी आहे. जळणारी कॉइल ओरडत नाही.

गुणाकार

मुळात 'मिलिमीटर बघा' म्हणताय, पण कुठले मिलिमीटर?

समजा कॉइलची उंची ३२ मिमी आणि ती जिच्यात हलते त्या चुंबकीय फटीची ८. सरळ भूमिती लावली तर (३२ − ८) ÷ २ = १२ मिमी. काही कंपन्या त्यात फटीचा एक तृतीयांश मिळवतात, की झाले १४.७. काही जण पुढे-मागे मिळून मोजतात आणि २४ छापतात. शिवाय कोणी यांत्रिक मर्यादाच, म्हणजे जिथे काहीतरी आपटतं किंवा स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी लवचिक चकती) ताणून संपतो तो आकडा, एक्समॅक्सच्या रकान्यात टाकून मोकळं होतं. प्रामाणिक रीत म्हणजे प्रत्यक्ष मोजणी: कोन सरकत जाताना कॉइलवरची चुंबकीय पकड ठरावीक टक्क्यांवर उतरते ते ठिकाण. त्यातही ८२ टक्के धरायचे की ७० यावर आकडा हलतो.

एकच ड्रायव्हर (खोक्याशिवायचा नुसता स्पीकर), कागदावर १२ ते २४ मिमी. वॅटचा आकडा फुगवतात म्हणून तुम्ही मिलिमीटरकडे गेलात, तर तिथेही तेच दुकान.

खर्जप्रेमी

@गुणाकार, मान्य. पण कॉइल आणि फटीची उंची दिली असेल तर निदान आपल्याला वजाबाकी करता येते. वॅटच्या आकड्याची वजाबाकी कशी करणार?

@तांब्याची तार, तुमच्याकडे येतात ते तासन् तास पिळलेले स्पीकर. घरात गाण्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा १० ते १५ डेसिबल खाली असते. १० धरले तरी ३०० वॅटच्या शिखरामागे सरासरी ३० वॅट. कॉइल तापणार कुठून?

तांब्याची तार

सगळी गाणी सारखी नसतात हो. एकच जाडजूड खर्जाचा सूर चार-चार सेकंद ओढणारी गाणी लावा, वर खर्जाचं बटण ६ डेसिबलने चढवा (म्हणजे चौपट वॅट), आणि मग सरासरी सांगा मला.

नवशिक्या

मध्येच विचारतो, रागावू नका. माझा सबवूफर ५०० वॅटचा आणि अ‍ॅम्प १०० वॅटचा आहे. 'कमी वॅटच्या अ‍ॅम्पने स्पीकर जळतो' असं सगळे सांगतात. खरं का?

तांब्याची तार

अर्धवट खरं, म्हणूनच एवढं टिकून आहे. १०० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण क्लिप होऊन (ताकद संपून लाटेची टोकं छाटली जाऊन) लाटेचा चौकोन झाला, तरी फार तर २०० वॅट निघतील, कारण त्याच उंचीच्या चौकोनी लाटेत साध्या लाटेच्या दुप्पट शक्ती असते. ५०० झेलणाऱ्या कॉइलचं त्यात काही बिघडत नाही. ऐकायला भिकार लागेल तो भाग वेगळा. पण स्पीकर १५० वॅटचा असता तर गेला असता. दोष सरासरी वॅट वाढल्याचा, अ‍ॅम्प लहान असल्याचा नव्हे.

पोर्टवाला

सगळे सीलबंद खोक्यावरच बोलताय. पोर्ट (हवा ये-जा करायची नळी) असलेल्या खोक्यात खर्जप्रेमींचा हिशोब कोलमडतो. माझा खोका ३० हर्ट्झला ट्यून केलाय, म्हणजे त्या सुराला पोर्टमधली हवा सगळ्यात जोरात हलते. ३० ला पोर्टसमोर हात धरला तर वारा लागतो आणि कोन जवळजवळ गप्प उभा असतो. तिथे एक्समॅक्सची गरजच नाही. उलट २० हर्ट्झला पोर्ट म्हणजे खोक्याला पडलेलं भोक, कोनामागचा हवेचा टेकू गेला, थोड्या वॅटातही तो फडफडतो. मोठा एक्समॅक्स घेण्याऐवजी ट्यूनिंगच्या खाली हायपास फिल्टर (ठरावीक सुराच्या खालचे सूर अडवणारा) लावा, निम्मा वाद मिटेल.

गुणाकार

आणि खोक्याचा आकार? सीलबंद खोका लहान केला की आतल्या हवेची स्प्रिंग कडक होते. त्याच कोनाला खाली तेवढंच हलवायला जास्त व्होल्ट लागतात. लहान खोका, खोल खर्ज, कमी वॅटात मोठा आवाज, यातले कोणतेही दोन निवडा. हॉफमनचा आयर्न लॉ म्हणतात तो हाच. खोका न सांगता अ‍ॅम्प किती हवा हे कोणी सांगत असेल तर तो अंदाज नाही, ज्योतिष आहे.

खर्जप्रेमी

रविवारी मित्राकडे जाऊन मोजून आलो. वादात मोजणी आणणं म्हणजे रसभंग, पण इलाज नाही.

जाड कागदावर आडवा V काढला, १५० मिमी लांब, उघड्या टोकाला ३० मिमी रुंद. तो कागद कोनाच्या मधल्या टोपीवर उभा चिकटवला, असा की बाजूने बघितल्यावर V दिसेल. कोन हलायला लागला की एका V चे दोन V दिसतात आणि त्यांच्या रेघा एके ठिकाणी छेदतात. छेदाच्या जागी V जेवढा रुंद, तेवढी कोनाची पुढे-मागे मिळून हालचाल. मला हवे होते २४ मिमी, म्हणजे टोकापासून १२० मिमीवरचा छेद. ड्रायव्हर गुणाकारांच्या उदाहरणातलाच म्हणा, भूमितीने १२ मिमी.

जुनाच ३०० वॅटचा अ‍ॅम्प लावला, टर्मिनलवर ट्रू आरएमएस मीटर. २५ हर्ट्झचा सूर सुरू करून हळूहळू वाढवला. छेद १२० वर पोचला तेव्हा मीटरवर २६ व्होल्ट. ४ ओहम धरले तर १७० वॅटसुद्धा नाहीत. म्हणजे खालच्या सुरांसाठी ३०० चा अ‍ॅम्पच जास्त होता, आणि ६०० चा आणून त्याने नुसता 'टक्' विकत घेतला. इथवर मी बरोबर.

मग ५० हर्ट्झ लावला. ३४ व्होल्टला अ‍ॅम्पचा क्लिपिंगचा दिवा लुकलुकायला लागला आणि छेद जेमतेम शंभरीच्या पुढे. एका बाजूला १० मिमी आणि वर थोडं. कोनाला अजून जागा होती, अ‍ॅम्पच संपला. ढोल आणि बास गिटारचा बराच जोर याच पट्ट्यात असतो, म्हणजे मित्राची 'पोटात जाणवत नाही' ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. अर्धा मिनिट तो सूर ठेवून बंद केल्यावर खोक्यातून थोडा गरम वास आला. तांब्याची तार, हसू नका.

तांब्याची तार

हसत नाहीये. अर्धा मिनिट सलग सूर? पुढच्या वेळी पाच सेकंद ठेवा आणि मधे थंड होऊ द्या, नाहीतर तो माझ्याकडेच येईल.

पोर्टवाला

६०० चा अ‍ॅम्प परत केला का शेवटी?

खर्जप्रेमी

नाही. ठेवलाय, २५ हर्ट्झच्या खाली हायपास लावून. आता स्फोटाला 'टक्' होत नाही आणि ढोल पोटात बसतो. मित्र म्हणतो, बघ, वॅटनेच काम झालं.