मदत हवी आहे: सरकारने गुन्हे मागे घेतले, तरी समन्स येतंच आहे. खटला नेमका कोण थांबवू शकतो?

रानवारा:
चारा छावणीसाठी २०१९ मध्ये झालेल्या रास्ता रोकोचा खटला तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. १४ आरोपी; भारतीय दंड विधान (भादंवि) १४३ (बेकायदा जमाव), ३४१ (वाट अडवणं), १८८ (सरकारी आदेश मोडणं) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १३५ (पोलिसांचा मनाई आदेश मोडणं). अजून एकही साक्षीदार तपासलेला नाही. आंदोलनाचे गुन्हे मागे घेण्याचा शासन निर्णय झालाय. पोलीस म्हणतात ‘आमच्या हातात नाही’, सरकारी वकील म्हणतात ‘वरून पत्र नाही’. आरोपींपैकी दोघांनी खटला संपला असं समजून तारखेला जाणं सोडलंय. अर्ज कुणाकडे करायचा?

काळा डगला:
सगळ्यात आधी त्या दोघांना पुढच्या तारखेला कोर्टात हजर करा. अजामीनपात्र वॉरंट निघालं असेल तर रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, नाहीतर जामीनदारालाही नोटीस जाते. खरंच अडचण असेल त्या तारखेला वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यायचा. गैरहजर राहायचं नाही.

शासन निर्णयाने खटला संपत नाही. पोलीस सांगतात ते खरं आहे. दोषारोपपत्र गेलं की त्यांचा अधिकार संपतो. त्याआधी ते अ, ब किंवा क समरी (खटला न चालवता तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवू शकतात, पण ती मंजूर करणंही न्यायदंडाधिकाऱ्याच्याच हातात. आता रस्ता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ चा. अर्ज करायचा तो खटला चालवणाऱ्या सरकारी अभियोक्त्यानेच (म्हणजे सरकारी वकिलानेच), आणि संमती द्यायची ती कोर्टाने. निकाल सुनावण्यापूर्वी केव्हाही. आरोपीला हा अर्ज करता येत नाही.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) हेच कलम ३६० आहे आणि तिथे पीडिताचं म्हणणं ऐकणं सक्तीचं केलंय. तुमचा खटला त्याआधीपासून प्रलंबित, म्हणून ३२१ च.

रोजनामा:
‘वरून पत्र’ म्हणजे समितीची शिफारस. शासन निर्णयानुसार प्रकरण आधी जिल्हा किंवा आयुक्तालय पातळीवरच्या समितीपुढे जातं. तुमचं प्रकरण त्या यादीत आहे का, हे लेखी विचारा. अर्जासोबत प्रथम खबर (एफआयआर) आणि दोषारोपपत्राची प्रत लावा. पोलिसांचा गुन्हा रजिस्टर नंबर आणि कोर्टाचा आरसीसी (नियमित फौजदारी खटला) नंबर दोन्ही लिहा. यादी पोलीस नंबरावर बनते, कोर्टाचं काम आरसीसी नंबरावर चालतं. ताळमेळ नसला की पत्र येऊनही फाईल सापडत नाही. १४ ही नावं मोजून घ्या. फरार दाखवलेल्या आरोपीचा खटला वेगळा काढला असेल तर त्याला नवा नंबर पडतो आणि तो माणूस हमखास सुटून जातो.

रानवारा:
रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याने फरक पडतो का? आणि कोर्ट नाही म्हणू शकतं का?

काळा डगला:
महामार्ग अडवला एवढ्याने नाही. पण राष्ट्रीय महामार्ग कायद्याचं कलम ८-ब (महामार्गाची नासधूस) लावलं असेल, केंद्राच्या मालमत्तेचं नुकसान असेल किंवा तपास सीबीआयचा असेल, तर अभियोक्त्याला आधी केंद्राची परवानगी लागते. रेल रोकोची प्रकरणं नेमकी इथे अडकतात. तुम्ही लिहिलेल्या चार कलमांत तसं काही नाही, तरी दोषारोपपत्र स्वतः वाचा.

कोर्ट नाही म्हणू शकतं, आणि म्हणतंही. केरळ विधानसभेतल्या २०१५ च्या मोडतोडीचा खटला तिथल्या सरकारला मागे घ्यायचा होता. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला, उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला आणि २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. ‘सरकारचा आदेश आहे’ एवढ्या एका ओळीचा अर्ज म्हणूनच टिकत नाही. कागदपत्रं पाहून, स्वतः विचार करून, माघार न्यायाच्या हिताची का आहे हे अभियोक्त्याने मांडलेलं दिसलं पाहिजे. आजी-माजी आमदार-खासदार आरोपी असेल तर उच्च न्यायालयाची परवानगीही लागते.

रोजनामा:
१८८ कडे वेगळं बघा. त्यासाठी आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार थेट कोर्टात लागते (फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९५). नुसत्या पोलीस दोषारोपपत्रावर दखल घेतली असेल तर वकिलाने तो मुद्दा आत्ताच मांडावा, समितीची वाट पाहू नये.

आदेश झाला की त्यातले शब्द वाचा. तुमची चारही कलमं समन्स खटल्याची (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्याची), त्यात कोर्टाला औपचारिक दोषारोप निश्चित करावा लागत नाही. म्हणून ३२१ खाली ‘निर्दोष मुक्तता’ व्हायला हवी. आदेशात नुसतं ‘प्रकरण निकाली’ असेल तर वकिलाला लगेच दुरुस्तीचा अर्ज द्यायला सांगा. प्रत्येकाने सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत तीच मागतात.