लंडनला जाताय? आधी खोलीचं नीट बघा

ठाण्यातल्या कोलशेतच्या ताईंची लेक सप्टेंबरला एमएससीसाठी लंडनला निघालीय आणि बॅगेखेरीज काय तयारी करावी, असं त्या विचारतायत. मी घराबद्दल लिहिते, कारण मुलं तिथेच जास्त फसतात.

ठाण्यात बसून, नुसते फोटो पाहून डिपॉझिट अजिबात पाठवू नका. सुरुवातीला विद्यापीठाच्या हॉस्टेलात राहून खोली स्वतः बघू दे. भाडेकराराने घर घेतलं तर डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घरमालकाला ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. त्याचा कागद मागून घ्यायचाच. मात्र मालक राहतो त्याच घरात खोली घेतली तर योजनेचं हे संरक्षण नाही. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स (तिथला घरपट्टीसारखा स्थानिक कर) माफ. एक जरी नोकरदार असला की बिल येतं. म्हणून सोबतीला कोण आहे तेही विचारा.

स्वयंपाकघरातल्या धुराच्या अलार्मची सवय करावी लागते. माझी भाची खिडकी उघडून, दार लावूनच फोडणी देते, तेल धुरावू देत नाही. नाहीतर सगळी इमारत थंडीत खाली!

पोचल्यावर लगेच जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची फी) भरलेला असतो, त्यामुळे तपासणीची वेगळी फी नाही.

स्टुडंट ऑयस्टर कार्डावर (लंडनच्या बस-ट्रेनचं विद्यार्थी कार्ड) प्रवासाच्या पासला 30 टक्के सवलत मिळते, पण आठवड्यातून दोन-तीनदाच कॉलेज असेल तर पास परवडतो का, हे आधी हिशेब करून बघा.