रडीचा डाव: पटावरचे आणि मोबाइलवरचे खेळ (अनुभव धागा)

कोजागरीला गच्चीवर दूध आटत होतं आणि आम्ही आठही जण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. आई खाली जाऊन कवड्या घेऊन आली. खडूने पाच बाय पाच घरं आखली, फुल्या मारल्या. पहिल्याच डावात तिचं आणि मावशीचं वाजलं: लागोपाठ तीनदा आठ पडले तर दान जळतं, म्हणजे फुकट जातं, की नाही? मावशीचं सासर सिन्नरचं, तिकडे म्हणे जळतं. आमच्याकडे नाही. दूध उतू जाईपर्यंत निकाल लागला नाही.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय खेळायचे, मोबाइल आल्यावर काय झालं, ते लिहा. मोबाइलला शिव्या घातल्याच पाहिजेत असं नाही. नावं नकोत, नाशिकमधला आपला भाग तेवढा सांगा.

भद्रकाली

आमच्या वाड्यात कवड्या देवघरात असायच्या, त्यांना पोरांनी हात लावायचा नाही. मग चिंचोके. उभे फोडायचे, म्हणजे एक बाजू पांढरी, एक काळी. चार तुकडे टाकायचे. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. सोंगट्या म्हणजे बांगडीच्या काचा, तुरीचे दाणे, सदऱ्याची बटणं. एकाची तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता यायचं नाही, त्यामुळे सगळे फुलीवर दबा धरून.

आजी सरळसरळ रडी खेळायची. तुकडा तिरका पडला की पदराच्या टोकाने हळूच कलता करायची. आम्ही ओरडायचो, ती म्हणायची, "डोळे तपासून घ्या." शेवटी आजोबांना जेवणावरून उठवून पंच करायचं आणि ते कायम तिच्या बाजूने.

वाडा पाडला, आता तिथे इमारत आहे. मागच्या दिवाळीत भाच्याने मोबाइलवर लुडो लावून दिला. म्हणाला, "आत्या, यात रडी चालतच नाही." तीन डाव खेळले. दान मोबाइलच टाकतो, सोंगटी तोच सरकवतो, कोण जिंकलं तेही तोच सांगतो. मग मी कशाला बसले होते?

सातपूर

कॅरमवाला आहे. दुसरी पाळी सुटल्यावर मंडळाच्या खोलीत रात्री दीडपर्यंत. पावडर जास्त झाली म्हणून भांडणं, कमी झाली म्हणून भांडणं. मोबाइलच्या कॅरममध्ये सोंगटी कुठे जाणार त्याची रेघ आधीच दिसते. मग नेम कसला? नखाखाली पावडर नाही तो कॅरम नाही, माझ्यापुरतं एवढंच.

इंदिरानगर

मी उलट बाजूने लिहिते. 2020 चा लॉकडाउन. आई-बाबा नाशिकरोडला, भाऊ मस्कतला, मी इथे. लुडो किंग तेव्हा घराघरात शिरला होता (नवी मुंबईत बनलेला खेळ, आला 2016 मध्ये). रात्री नऊ वाजता खोलीचा कोड व्हॉट्सॲपवर यायचा. बाबांनी एक युक्ती काढली: खेळ एका मोबाइलवर, दुसरा स्पीकरवर. "माझी गोटी का मारलीस, घरचा ना तू?" हे त्या दुसऱ्या मोबाइलवर. वर एकीला दान मुद्दाम उशिरा टाकायची सवय होती असा आरोप आहे. ती मीच. म्हणजे रडी चालते बरं का, शोधावी लागते.

सिडको

पैसे लावून पत्ते आणि लुडो, दोन्ही मोबाइलवर. आकडा सांगत नाही, बायको हा धागा वाचते. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला, तोवर माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण कृपया जुने खेळ सोज्वळ होते असं कोणी लिहू नका. धर्मराज राज्य आणि द्रौपदी हरला तो काही मोबाइलवर नाही.

म्हसरूळ

आजोळ त्र्यंबकचं, त्यामुळे निवृत्तिनाथांच्या समाधीइतकाच घरात मोक्षपटाचा, म्हणजे जुन्या सापशिडीचा, मान. तो ज्ञानेश्वरांनी काढला अशी परंपरा आहे. आजोबांचा नियम असा, की साप चावला तर त्या घरातल्या दुर्गुणाचं नाव मोठ्याने वाचायचं. मला हटकून क्रोध. मामेभाऊ खदाखदा हसायचे आणि मग मला खरोखरच यायचा. मोबाइलमधल्या सापांना नावं नाहीत, नुसतेच गिळतात.

पाथर्डी फाटा

मुलाला पांडवलेण्यात नेलं होतं. शंभरेक पायऱ्यांनंतर त्याची कुरकुर सुरू झाली, वर नेटवर्क आहे का म्हणून. वर गेल्यावर दगडात कोरलेले पट दाखवले. चौकटी आहेत, वाटीसारखे खळगेही आहेत. आधी म्हणाला, "लुडो!" मग खाली वाकून बोट फिरवत घरं मोजत बसला. संरक्षित जागा, तिथे खेळणं बरं नव्हे, म्हणून पट मोबाइलमध्येच टिपून आणला आणि घरी पुठ्ठ्यावर काढला. नियम त्यानेच ठरवले. दर डावाला बदलतो आणि दर डावाला जिंकतो.

नाव-भाग नको

मूळ प्रश्नाचं कोणीच बोलत नाही. तीनदा आठ पडले की दान जळतंच. सगळीकडे जळतं. ज्यांच्याकडे जळत नाही त्यांनी नियम सोयीने बदललेत.

धागाकर्ती

वरचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मावशीला कोणी मराठी टायपिंग शिकवलं?"