लूथर मालिका परत परत आणायला नको होती (स्पॉयलर आहेत)

पुलावरची

बीबीसीची लूथर, लंडनमधल्या जॉन लूथर या पोलीस डिटेक्टिव्हची मालिका, ज्यांनी अजून बघितली नाहीये त्यांनी इथेच थांबा, शेवटापर्यंत सगळं लिहिणार आहे.

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी म्हणतंच की लूथर परत यायला पाहिजे, लूथरचं काम करणारा इद्रिस एल्बा अजून फिट आहे, अजून एक सीझन काढा. मी ही मालिका मनापासून आवडणाऱ्यातली आहे आणि म्हणूनच सांगते, नको. माझ्या मते ती 2013 ला तिसऱ्या सीझनमध्ये पूर्ण झाली होती. लूथर आणि ॲलिस, म्हणजे त्याने पहिल्याच भागात ओळखलेली खुनी बाई, पुलावर उभे आहेत, तो अंगातला तो राखाडी कोट काढून थेम्समध्ये टाकून देतो आणि दोघं चालायला लागतात. झालं. त्यानंतर ती तीनदा परत आली, डिसेंबर 2015 ला दोन भाग, जानेवारी 2019 ला चार भाग आणि 2023 ला नेटफ्लिक्सवर पिक्चर, आणि प्रत्येक वेळी परत यायचं म्हणून आधीचं काहीतरी मोडून टाकलं.

2015 चंच बघा. ॲलिसचं काम करणारी रूथ विल्सन नव्हती, मग काय केलं तर ॲलिस अँटवर्पमध्ये मेली अशी बातमी लूथरला येऊन कोणीतरी सांगतं. म्हणजे पुलावरून दोघं चालत गेले त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला दिसतच नाही, पडद्याबाहेरच सगळं आटोपलं. ज्या नात्यावर ही मालिका उभी होती ते एका निरोपात संपवलं. मग 2019 ला ती जिवंत परत. का, तर विल्सन परत आली म्हणून. नील क्रॉससारख्या लेखकाने हे करावं याचं मला खरंच वाईट वाटलं.

पहिल्या सीझनचा पहिला भाग आठवा. खुनी कोण हे आपल्याला सुरुवातीलाच कळलेलं असतं, आईबापाला मारून पोलिसांना फोन करणारी ही हुशार शास्त्रज्ञ मुलगी ॲलिस. लूथर तिच्यासमोर मुद्दाम जांभई देतो आणि तिला जांभई येत नाही, तेवढ्यावरून त्याला कळतं की हिला समोरच्याचं काही जाणवतच नाही. खोलीत एक टेबल, दोन माणसं, एक जांभई, आणि पुढची सगळी मालिका त्यातून निघाली. तो बारीकपणा नंतरच्या परतण्यांमध्ये कुठे आहे दाखवा मला.

शेवटची लोकल

अजिबात पटलं नाही. पुलावरचा शेवट दिसायला छान आहे पण तो लूथरला फुकटात सोडून देतो. त्याच तिसऱ्या सीझनमध्ये लूथरचा जोडीदार पोलीस रिप्ली मेलाय ना, त्या सीझनमधल्या मारवूड नावाच्या खुन्याने गोळ्या घातल्या त्याला, आणि रिप्लीसारखा सरळ पोरगा लूथरवर विश्वास टाकून उभा राहिला म्हणून त्या सगळ्यात सापडला. त्यानंतर हा कोट टाकून एका खुनी बाईबरोबर निघून जातो आणि आपण त्याला शेवट म्हणायचं? मला तरी ते पचलं नाही तेव्हा पण.

आणि 2019 चा सीझन तुम्ही नीट बघितलेला दिसत नाही असं वाटतंय, राग मानू नका. मालिकेचा सगळ्यात पहिला सीन काय आहे? बंद पडलेल्या कारखान्यात मॅडसन नावाचा खुनी उंचावरून लटकतोय, लूथर त्याच्याकडून मुलीचा पत्ता काढून घेतो आणि मग त्याला पडू देतो. पाचव्या सीझनच्या शेवटी काय आहे? ॲलिस लटकतेय, हा तिला धरून ठेवतो आणि तरी ती पडते. नऊ वर्षांनी तोच प्रसंग उलटा करून समोर ठेवलाय. आणि मग लूथरचा वरिष्ठ श्चेंक येतो आणि लूथरला बेड्या. तोच श्चेंक जो पहिल्या सीझनमध्ये मॅडसनच्या पडण्याची चौकशी करायला आला होता. हा खरा हिशोब, आणि परत आणली नसती तर हा कधी झालाच नसता.

पुलावरची

पाचवा सीझन मी नीट बघितलाय. मॅडसनचं साम्य मला मान्य आहे, तो शेवटचा अर्धा तास चांगलाच आहे. पण तिथपर्यंत पोचायला त्यांनी ॲलिसचं काय केलं ते बघा. तिने हॅलिडेला गोळी घातली. कॅथरीन हॅलिडे, लूथरबरोबर काम करणारी नवीन पोलीस, चांगल्या मनाची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ॲलिस आधी कोणाला मारायची? मॅडसनला हॉस्पिटलमध्ये मारलं, लूथरचा पोलीस मित्र इयन रीड उलटला तेव्हा त्याला मारलं, म्हणजे जे लूथरच्या मुळावर उठले होते त्यांना. तिच्यात एक विकृत का होईना पण हिशोब होता. हॅलिडेचा मृत्यू फक्त एवढ्यासाठी आहे की आता लूथरने ॲलिसच्या विरोधात जायला पाहिजे, लेखकाला ते हवं होतं.

शेवटची लोकल

तिने आईबापाला आणि घरातल्या कुत्र्याला मारलंय हो. पिस्तूल लपवायला कुत्र्याचा वापर केला. कसला हिशोब घेऊन बसलात. तुम्ही स्वतःच वर लिहिलंय की जांभई आली नाही म्हणजे समोरच्याचं काही जाणवत नाही, मग नऊ वर्षांनी तिने एका निरपराध मुलीला गोळी घातली तर ती बदलली असं कसं म्हणता? उलट मधली सगळी वर्षं रूथ विल्सनने ती इतकी गोड करून दाखवली की आपण विसरलो ती काय आहे ते. लूथर पण विसरला. म्हणून तर लूथरचा सहकारी बेनी मेला, कारण ॲलिसने कॉर्नेलियस या गुंडाचा मुलगा मारला आणि ते सगळं लूथरच्या दारात आलं. बेनी मेला तेव्हा मला रिप्लीपेक्षा जास्त लागलं.

गच्चीवरचा

बेनीचं अगदी खरं. कॉम्प्युटरवर बसणारा साधा माणूस, मायकल स्मायलीने इतक्या कमी संवादात उभा केला होता.

मी दोघांच्या मध्ये आहे. मला परत आलेल्या सीझनमधली भीती आवडली, गोष्ट नाही. 2019 चा तो रात्रीच्या बसमधला सीन, वरच्या मजल्यावर मोजकी माणसं, आणि तो हुडी घातलेला, चेहऱ्यावर दिवे लावलेला माणूस. लंडनच्या डबल डेकरमध्ये रात्री एकट्याने बसलेल्या कोणालाही विचारा. लूथरने कायम हेच केलं, पर्यटकांचं लंडन दाखवलंच नाही, बिग बेन वगैरे विसरा, सिमेंटच्या मोठ्या बिल्डिंगी, बोगदे, पेट्रोल पंप, आणि घरातल्या घरात भीती. तिसऱ्या सीझनमध्ये पलंगाखालून माणूस निघतो तो सीन एकदा बघितला की झालं. ही जात त्यांना 2019 पर्यंत जमत होती. पिक्चरमध्ये ती गेली.

रेडटाय

पिक्चरला सगळेच शिव्या घालतात पण मला आवडला आणि मी त्याच्या बाजूने बोलणार. मोठ्या पडद्यासाठी काढलाय तर मोठा असणारच ना. पिकॅडिली सर्कसला एकामागून एक माणसं उंचावरून उड्या टाकतात तो सीन टीव्हीच्या बजेटमध्ये झाला असता का? अँडी सर्किसने केलेला तो रोबी, लोकांची फोनमधली, कॅमेऱ्यातली गुपितं गोळा करून त्यांना नाचवणारा, हा आजच्या काळातला खराखुरा राक्षस आहे. 2013 ला पलंगाखाली माणूस असायची भीती होती, आता ती खिशातल्या फोनमध्ये आहे. मालिकेने काळाबरोबर जायला नको का? आणि एल्बाला 2012 ला गोल्डन ग्लोब मिळालाय या भूमिकेसाठी, हा माणूस मोठ्या पडद्यावर लूथर म्हणून दिसायलाच पाहिजे होता.

पुलावरची

फोनमधली भीती ही कल्पना चांगलीच आहे, त्यात वादच नाही. पण तीच कल्पना एका घरात, एका नवरा-बायकोच्या मध्ये ठेवली असती तर अंगावर आली असती. यांनी ती नेली बर्फातल्या बंगल्यात, लाल खोलीत, आणि लूथर जेल फोडून बाहेर येतो, मारामाऱ्या करतो, शेवटी बर्फाच्या पाण्यातून वर येतो. पहिल्या सीझनमधला लूथर बायकोच्या घराचा दरवाजा फोडतो तेव्हा तो मोडलेला माणूस दिसतो. पिक्चरमधल्याला काहीही केलं तरी काही होत नाही.

आणि शेवटची लोकल, तुमच्याच मुद्द्याला धरून विचारते, बेड्या हा जर खरा हिशोब होता तर पिक्चरने त्याचं काय केलं? तो जेलमध्ये जातो ते रोबीने त्याची जुनी प्रकरणं उघडी केली म्हणून. ॲलिस नाही, हॅलिडे नाही, बेनी नाही. आणि शेवटी जेलमध्ये परत जायच्या ऐवजी सरकारी गाडी येते त्याला न्यायला. म्हणजे 2019 ने जे कमावलं ते 2023 ने घालवलं. परत येण्याचा हाच रोग आहे.

शेवटची लोकल

पिक्चरच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार नाही. माझं म्हणणं 2019 पुरतं आहे.

लीड्सकर

मी इकडे यॉर्कशरमध्ये राहतो म्हणून हॅपी व्हॅली, इकडचीच बीबीसीची पोलीस मालिका, मध्ये आणणार आहेच. परत यायचं तर कसं यायचं हे तिच्या लेखिकेने, सॅली वेनराइटने, दाखवलं. पहिला सीझन 2014, दुसरा 2016, आणि मग थेट 2023 चा एक जानेवारी. सात वर्षं! बीबीसीला इतकी हिट मालिका हातात असताना थांबवणं सोपं नसणार. थांबायचं कारण साधं होतं, पोलीस असलेल्या नायिकेचा, कॅथरीनचा, नातू रायन, त्याचं काम करणारा ऱ्हिस कॉनाह मोठा व्हायला पाहिजे होता. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रश्न सोडला होता की हा पोरगा बापासारखा निघणार का, टॉमी ली रॉइस या गुन्हेगारासारखा, आणि त्याचं उत्तर दहा वर्षांच्या मुलाकडून मिळत नाही. म्हणून सोळा वर्षांचा होईपर्यंत वाट बघितली. दुसऱ्या कोणाला तरी रायन म्हणून उभं करता आलं असतं, नाही केलं. मग तो स्वतःच्या मनाने जेलमध्ये बापाला भेटायला जातो, कॅथरीनपासून लपवून, आणि तिची सख्खी बहीण क्लेअर त्याला घेऊन जात असते हे जेव्हा कॅथरीनला कळतं, त्या कॅफेमधल्या सीनला कॅथरीनचं काम करणाऱ्या सारा लँकशरचा चेहरा बघा. त्या एका भांडणात सात वर्षांची वाट वसूल झाली.

सहा भाग, आणि संपलं म्हणजे संपलं. हेब्डन ब्रिज, हॅलिफॅक्स या भागात फिरलात तर लोक अजून बोलतात त्याबद्दल. गोष्टीत प्रश्न उरला असेल तरच परत या, नट मोकळा झालाय म्हणून येऊ नका.

शेवटची लोकल

हॅपी व्हॅली मलाही प्रचंड आवडते पण ही तुलना लूथरला लावू नका. हॅपी व्हॅली एका कुटुंबाची गोष्ट आहे, तिला सुरुवात आणि शेवट आहे. लूथरचा पहिला सीझनच "आता काय?" या प्रश्नावर संपतो, बायको झोई गेलेली, रीड समोर मेलेला पडलाय, पोलीस येतायत. ही मालिका पहिल्यापासून उघडीच होती, मग पूल हाच पूर्णविराम असं कोणी ठरवलं?

मापुस्करप्रेमी

लूथरवरून हिंदीत काढलेल्या रुद्रचा विषय अजून कसा निघाला नाही. आपल्याकडे 2022 ला लूथर परत आलीच ना, मुंबईत, अजय देवगणला घेऊन, आणि दिग्दर्शक आपला राजेश मापुस्कर, व्हेंटिलेटरवाला. सहाच भाग, साधारण पहिल्या सीझनचीच गोष्ट, ॲलिसच्या जागी राशी खन्ना, रीडच्या जागी अतुल कुलकर्णी. अतुल कुलकर्णीने जे केलंय ते मला मूळ मालिकेच्या तोडीचं वाटलं, मित्र म्हणून इतका आपला वाटतो की नंतर तो जे करतो ते बघवत नाही.

पण बाकी जमलं नाही आणि त्याचं कारण मला या धाग्यात बसतंय. प्लॉट तोच, जांभई तीच, पण मूळच्या लंडनमध्ये जो एकटेपणा आहे, शेजारी कोण राहतं माहीत नाही, ओरडलं तरी कोणी येणार नाही, तो उचलून मुंबईत ठेवता येत नाही. मुंबईची भीती वेगळी आहे, ती गर्दीतली आहे, आणि तिच्यावर नवीन गोष्ट लिहायला पाहिजे होती. देवगणला लूथरसारखं चालायला लावून काय मिळालं? तीच चूक पिक्चरने स्वतःच्या घरात केली, जागा सोडली आणि माणूस तेवढा घेतला.

गच्चीवरचा

हे छान लिहिलंय. देवगणची मूळची शांत नजर वापरली असती तरी चाललं असतं, त्याला सतत चिडवत ठेवलं.

रेडटाय

जागेचं इतकं कौतुक करताय तर एक आठवण करून देतो. 2021 ला बीबीसीच्याच डायव्हर्सिटी बघणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की लूथर खराखुरा वाटत नाही, त्याला एकही काळा मित्र नाही, तो कॅरिबियन जेवण जेवताना दिसत नाही. तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली होती. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, कारण लूथरला मित्रच नाहीत, घरच नाही, फ्रीजमध्ये काही नसतं, हा माणूस कुठल्याच जागेचा नाही. मग तो लंडनमध्ये असो नाहीतर बर्फात, काय फरक पडतो?

पुलावरची

फार फरक पडतो. त्याला मित्र नाहीत कारण आधी बायको होती, रीड होता, रिप्ली होता, बेनी होता आणि एकेक करून गेले. ते रिकामं घर त्या माणसांमुळे रिकामं आहे. त्याला बर्फात नेलं की ती माणसं जातात आणि उरतो फक्त कोट. रेडटाय, तुम्ही जे लिहिलंत ते माझ्याच बाजूचं आहे.

शेवटची लोकल

मग तुमच्या या यादीत ॲलिस का नाही? ती पण गेलीच ना, 2019 ला. त्या सीझनशिवाय तुमची यादी अर्धी आहे, बेनी पण त्यातच गेला.

पुलावरची

बेनीचं मान्य. ॲलिसचं नाही, तिला पुलावर सोडायला पाहिजे होतं.

लीड्सकर

एक विचारतो दोघांना. उद्या परत आणलीच तर काय बघाल?

शेवटची लोकल

खटला. श्चेंक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, त्याचं काम करणाऱ्या डर्मट क्राउलीला चार भाग पूर्ण द्या, मॅडसनपासून हॅलिडेपर्यंत सगळं उकरून काढा आणि लूथरला गप्प बसून ऐकायला लावा. एक पण मारामारी नको. सरकारी गाडी आली नव्हती असं समजून लिहा.

पुलावरची

हे मी बघेन. पण असं कोणी काढणार नाही, एल्बाला गप्प बसवायला कोण पैसे देईल.

रेडटाय

पहिल्या भागात टेबलावर दोघं बसून बोलतच होते की, तेव्हा दिले होते बीबीसीने.