मदत हवी आहे: गुहागरच्या पुळणीवरून शिडाची छोटी बोट लाटांपलीकडे कशी काढावी?

मंडळी, मी आणि मावसभाऊ, दोघांनी मिळून एक जुनी लेझर बोट घेतली आहे (हल्ली तिला इल्का म्हणतात). लांबी १४ फुटांच्या आत, नुसता सांगाडा ५९ किलोच्या आसपास, त्यामुळे ट्रॉलीवरून पाण्यापर्यंत नेणं हा प्रश्नच नाही. शीड हाताळायला दोघंही शिकलोय, पण धरणाच्या पाण्यात. गुहागरला गाडी अडते ती पहिल्या पंधरा-वीस पावलांत.

किनारा पश्चिमेला तोंड करून, सरळसोट, कुठे आडोसा नाही. दुपारी वायव्येचा वारा धरतो, म्हणजे समुद्राकडे तोंड केलं की उजवीकडून तिरका अंगावर. मधला डॅगरबोर्ड (बोटीच्या तळातून पाण्यात सोडायची उभी फळी) खाली सोडल्याशिवाय बोट वाऱ्यावर चढत नाही, नुसती आडवी सरकते. आणि मांडीभर पाण्यात तो पूर्ण सोडावा तर वाळूत रुततो. तेवढ्यात पुढची लाट येते, बोट आडवी होते आणि आडवा वासा डोक्यावरून सूं करून जातो.

तिथले एक खारवी काका म्हणतात, "आधी वल्हवत लाटांच्या भायेर जा, मग शीड चढव." त्यांच्या होडीला ते ठीक. लेझरचं शीड मोज्यासारखं डोलकाठीवर घालायचं असतं, ते काठावरच चढवून निघावं लागतं. शीड पूर्ण ७ चौरस मीटरचं.

तर, तोंड कुठे ठेवून निघायचं? एकाने बोट धरायची तर कुठे उभं राहून? आणि परत येताना काय करता? मला खरी धास्ती परतीचीच आहे. लाइफ जॅकेट दोघंही घालतो, तो सल्ला नको.

प्रतिसाद:
दादा, धरणारा कायम नाळेपाशी (बोटीच्या पुढच्या टोकाशी), वाऱ्याच्या बाजूला. बोट आणि किनारा यांच्या मधे कधीही उभं राहायचं नाही. पाणी भरलेली बोट लाटेने ढकलली की गुडघा जातो, ५९ किलोचा हिशेब तिथे चालत नाही.

शिडाची दोरी मोकळी, शीड फडफडू दे. लाटा टोळीने येतात. तीन-चार मोठ्या गेल्या की जरा उसंत मिळते, तेव्हा निघा. बोर्ड अर्धाच सोडा, सुकाणूचं पातं अर्धं वर. तोंड नैर्ऋत्येकडे, म्हणजे वारा बरोबर उजव्या कुशीवर येतो आणि अर्ध्या बोर्डवरही बोट वेग धरते. फुटणारी लाट आली की तेवढ्यापुरती नाळ तिच्यावर सरळ घ्यायची, ओलांडली की परत नैर्ऋत्य. सरळ पश्चिमेला चढायचा हट्ट केलात की अडकलात.

परतताना तोंड ईशान्येकडे, म्हणजे तिरकं किनाऱ्याकडे, वारा डाव्या कुशीवर. कमरेभर पाणी आलं की नाळ वाऱ्यात वळवा आणि वाऱ्याच्या बाजूने उडी मारा. शिडात वारा भरलेला ठेवून थेट वाळूवर चढवायला जाऊ नका, सुकाणूच्या बिजागऱ्या जातात.

दिवस निवडणं मात्र सगळ्यात महत्त्वाचं. अष्टमीच्या आसपास भांगाची (लहान) भरती असते, पाण्याला ओढ कमी. उधाणाला जाऊ नका. पूर्ण भरतीला लाट थेट वरच्या उतारावर आपटते, म्हणून अर्धी भरती झाली की निघा. इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज बघताना नुसती उंची बघू नका. दोन लाटांमधला वेळ १२-१४ सेकंद दिसला तर मीटरभर लाटही काठावर भलतीच उठते.

प्रतिसाद:
एवढा खटाटोप कशाला? दाभोळ खाडीत उतरवा, आत लाटच नाही.

धागाकर्ता:
खाडीचा विचार केला होता. पण बाहेर पडताना मुखावर ओहोटीचं पाणी आणि समोरचा वारा भिडला की लाट उभीच्या उभी राहते, शिवाय अंजनवेलला गॅसची जहाजं येतात. नैर्ऋत्येचं पटलं, करून बघतो. अजून एक: सकाळी मतलई वाऱ्यावर निघालो तर?

प्रतिसाद:
निघायला सोपं, पाणीही सपाट. पण मतलई पडली की वायव्येचा वारा येईपर्यंत मधे काही काळ सगळं ठप्प होतं. तोवर फार बाहेर गेला असाल तर तरंगत बसाल. वल्हं बांधून न्या, बोट उलटली तरी तिला सोडून पोहत निघू नका, आणि तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये घालून ठेवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात.