१०×५०च्या दुर्बिणीत तारे नाचतात, परत करू का?

नळवाली : आमच्याकडे सांगलीत नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं. टाकी भरेस्तोवर मी गच्चीवरच असते, म्हणून भिशीच्या पैशांतून १०×५०ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमीच्या भिंगांची) दुर्बीण घेतली. चंद्र सुरेख दिसला. पण गुरू बघायला जावं तर ठिपका नुसता थरथरतो, वर त्याला शेपट्या फुटतात. दीर म्हणतो, "वहिनी, २०×५०ची घ्यायची, नाहीतर सरळ टेलिस्कोप." दुकानदार आठवड्यात बदलून देतो म्हणालाय. चष्मा आहे, उणे दोन.

जुना भिंगवाला : ताई, परत करू नका. २०×५०त थरथरही दुप्पट होते. शिवाय ५० भागिले २०, म्हणजे डोळ्यात येणारा झोत अडीच मिलिमीटरचा. तुमच्या दुर्बिणीत तो पाचचा आहे, म्हणून चित्र जास्त उजळ.

शेपट्या बहुतेक फोकसच्या. उजव्या भिंगाला झाकण घाला आणि डाव्या डोळ्याने एक तारा मधल्या चाकाने टोकदार करा. मग झाकण डावीकडे. आता चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तोच तारा टोकदार करा. कडी जिथे थांबेल तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. (मी बायकोचं वापरलं, तिला अजून पत्ता नाही.) नुसता उणे दोन असेल तर चष्मा काढून बघा, सिलिंड्रिकल नंबर (चष्म्याच्या कागदावर CYL) असेल तर घालूनच, डोळ्याकडच्या रबरी कडा दुमडून.

आणि उभ्याने बघायचं नाही. गुरू या दिवसांत (ऑक्टोबर २०२५) मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी, पहाटे बराच वर असतो. चटईवर आडवं व्हा, कोपरं बरगड्यांना टेकवा. त्याच्या दोन्ही अंगांना एका रेषेत बारीक ठिणग्या दिसतील, ते त्याचे चार मोठे चंद्र. चारच्या चार रोज दिसतीलच असं नाही.

पाचच्या सुमारास दक्षिणेकडे वळा. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली पुसट ठिपक्यांची ओळ आहे, तिच्या मध्यावर दुधाचा हात लागलेल्या काचेसारखा डाग दिसतो. तो तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, सुमारे १३५० प्रकाशवर्षं लांब. खूप खाली, क्षितिजापासून हात लांब करून दोन मुठींवर, एकटा झगझगतो तो अगस्ती तारा.

टेरेसकर : टेलिस्कोपच्या खोक्यावर '५२५ पट' दिसलं की पुढे चला. ७० मिमीचं भिंग १४०च्या वर ताणलं की नुसता मोठा, गढूळ गोळा. मी त्याच आकड्याला भुललो होतो. शनीची कडी दिसली, पण ३५ पटीत; आणि तिपाई इतकी लटपटती की फोकसला बोट लावलं की शनी गायब.

पूर्वेला शुक्र बघाल तेव्हा वेळेचं भान ठेवा, सूर्य उगवायच्या आत थांबा. दुर्बिणीतून सूर्य दिसला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

नळवाली : दुर्बिणीच्या कडीचं जमलं! गुरूच्या एका बाजूला तीन, दुसरीकडे एक. दिरालाही उठवून दाखवलं, तो आता २०×५०चं नाव काढत नाही. मृगातला डागही सापडला, फक्त सरळ बघितलं की विरतो नि नजर जराशी बाजूला ठेवली की उठून दिसतो. पण सव्वापाचला भिंगं दवाने आंधळी झाली. पदराने पुसली तर चालेल ना?

जुना भिंगवाला : पदर नको! भिंगावर धूळ असते, ती घासली की वरच्या लेपाला चरे जातात. घरात आणून पंख्याखाली ठेवा, पूर्ण वाळल्यावरच झाकणं लावा. आणि बघत नसाल तेव्हा भिंगांचं तोंड खाली करून धरा, आकाशाकडे उघडी राहिली की गार पडून दव धरतात. नजरेचं म्हणाल तर बरोबर करताय, अंधुक वस्तू तशाच बघतात.