मदत हवी आहे: भाजी लावायच्या लाकडी खोक्यांना आतून काय लावू?

पाइनच्या फळ्यांची तीन खोकी आहेत, प्रत्येकी ४ बाय २ फूट, सव्वा फूट खोल. दोनच वर्षांत तळाच्या फळ्या इतक्या मऊ पडल्या की स्क्रू ड्रायव्हर सहज आत घुसतो. बाजू धड आहेत. तळ बदलणारच आहे.

खोकी विटांवर उचललेली आहेत, निचऱ्याला भोकं आहेत, पाणी तुंबत नाही. गेल्या वर्षी जवसाच्या कच्च्या तेलाचे दोन हात दिले होते. (मुद्दाम कच्चं; 'बॉइल्ड' म्हणून मिळतं त्यात लवकर वाळण्यासाठी बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात.) बाहेरून छान टिकलं, आतून ओल्या मातीला लागून काळी बुरशी धरली. कदाचित नीट वाळायच्या आधीच माती भरली, घाई नडली.

डांबर, जळकं इंजिन ऑइल, वाळवीचं औषध कृपया सुचवू नका, यातली पालक-मुळा आम्ही खातो. सगळंच लाकूड बदलणंही आत्ता शक्य नाही.

आता आतून एचडीपीई प्लास्टिकची शीट ठोकायचा विचार आहे. भीती एकच, शीटमागे ओल अडकून लाकूड उलट लवकर कुजलं तर? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: शीट फक्त बाजूंना लावून तळ उघडा ठेवायचा का? आणि शीटखाली तेल द्यायचं असेल तर किती दिवस वाळू द्यायचं?